पाच वाजताचं ऊन आणि फिका निंब

यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात एका गावात मे महिन्यात आम्ही आठवी ते दहावीच्या पोरापोरींचं शिबिर घेतलं, शिकवायचं होतं सायनोटाइप, म्हणजे कॅमेरा नाही, प्रिंटर नाही, फक्त उन्हाने कागदावर फोटो छापायचा. पहिल्या दिवशी सगळं सामान पोचायलाच उशीर झाला, म्हणून पहिला प्रिंट ठेवला संध्याकाळी पाच वाजता. मोबाईल तेव्हाही 42 डिग्री दाखवत होता, गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता, मला वाटलं एवढ्या उन्हात पाच मिनिटं म्हणजे रगड झाली. निंबाची डहाळी ठेवली, वर काच दाबली, पाच मिनिटांनी कागद पाण्यात टाकला आणि सगळा रंग धुऊन गेला, राहिली ती धुरकट आभाळी रंगाची एक छटा. दुसऱ्या दिवशी तोच कागद, तेच मिश्रण, तेवढीच पाच मिनिटं, पण दुपारी बाराला, आणि असा गडद निळा आला की निंबाच्या पानाचे करवतीसारखे दाते एकेक मोजून घ्या.

नववीतल्या एका पोरीने लगेच विचारलं, "सर, काल पण एवढंच तपत होतं ना, मग काल काय झालं?"

या प्रश्नातच अख्खं शिबिर आहे असं मला आजही वाटतं. आपण खान्देशातले लोक ऊन मोजतो ते चटक्याने, पारा किती चढला यावरून. पण हा कागद चटका ओळखतच नाही. त्याला लागतात अतिनील किरणं, म्हणजे जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड, आणि थोडाफार जांभळा-निळा. जळगावकडे मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या जरा आधी, अतिनील सगळ्यात जास्त तेव्हा. पारा मात्र सगळ्यात वर जातो तीन-चारच्या सुमाराला, कारण जमीन तोवर तापतच राहते, बाहेर टाकते त्यापेक्षा जास्त उष्णता घेत राहते. पाच वाजेपर्यंत सूर्य कलतो, किरणांना हवेतून तिरपा लांब रस्ता कापावा लागतो, आणि त्या रस्त्यात अतिनीलच जास्त विखुरतं, वर कागद आडवा ठेवलेला, म्हणजे तेवढंच ऊन जास्त जागेवर पसरणार. अंगाला तेच ऊन वाटतं, कागदाला नाही.

आता कागदावर काय होतं ते. दोन पावडरी असतात. फेरिक अमोनियम सायट्रेट 25 ग्रॅम 100 मिली पाण्यात, पोटॅशियम फेरीसायनाइड 10 ग्रॅम दुसऱ्या 100 मिली पाण्यात, आणि लावायच्या वेळी दोन्ही सारखं सारखं मिसळायचं. आम्ही एका खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि एक मिणमिणता पिवळा बल्ब ठेवला, तेवढा अंधार पुरतो. ब्रशने कागदावर पातळ हात मारला की पोपटी-पिवळा रंग दिसतो, वाळला की कागद तयार. लोखंडाचे दोन अवतार असतात, फेरिक आणि फेरस, त्यांच्यात फरक फक्त एका इलेक्ट्रॉनचा. अतिनील किरण पडला की सायट्रेट, म्हणजे आपल्या लिंबूसत्वाचंच भावंड, आपला इलेक्ट्रॉन लोखंडाला देऊन टाकतं, फेरिकचं फेरस होतं, आणि फेरस झालं रे झालं की ते फेरीसायनाइडला धरून प्रशियन ब्ल्यू नावाचा रंग तयार करतं. हा रंग पाण्यात विरघळत नाही, कागदाच्या तंतूत अडकून बसतो. पानाखाली ऊन पोचलंच नाही, तिथलं मिश्रण पाण्याने वाहून जातं आणि पांढरं पान उरतं.

सायनाइड शब्द ऐकून दोन पालक विचारायला आलेच, आणि त्यांनी विचारलं हे फार बरं केलं. यातले सहाच्या सहा सायनाइड गट लोखंडाला इतके घट्ट धरलेले असतात की साध्या वापरात सुटत नाहीत, पण कडक अ‍ॅसिड टाकायचं नाही, गरम करायचं नाही, हातमोजे घालायचे, स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत, हे नियम आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरात लावले होते. खुद्द प्रशियन ब्ल्यू तर थॅलियमच्या आणि किरणोत्सारी सिझियमच्या विषबाधेत औषध म्हणून देतात.

ही पद्धत शोधली जॉन हर्शेल यांनी, 1842 मध्ये, इंग्लंडात. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्रातली शेवाळं अशीच कागदावर ठेवून छापायला घेतली आणि त्याचं पुस्तक केलं, फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक ते. आमच्या पोरींना हे सांगितलं तेव्हा त्या वहीत नाव लिहून घेत होत्या, मला फार भरून आलं. नंतर कितीतरी वर्षं इंजिनिअर लोक नकाशांच्या नकला याच रसायनाने काढत होते, ब्ल्यूप्रिंट हा शब्द तिथूनच आला.

शेजारच्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होते, तिथून एका आजीने हाक मारली, "काय करी राह्यनात रे?" पोरांनी त्यांना बोलावून पिंपळाचं जाळी झालेलं पान छापून दाखवलं. हे पान सगळ्यात सुंदर येतं. केळीचं पान जाड, खाली उजेड जातच नाही, नुसता पांढरा ठप्पा येतो, जाळीच्या पानाची मात्र शीर न् शीर उतरते. फक्त काचेने नीट दाबलं पाहिजे, कारण सूर्य म्हणजे बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, म्हणून पान कागदापासून 10 सेंटीमीटर वर असेल तर कडेला साधारण 1 मिलिमीटरचा धूसर पट्टा येतो.

ऊन खाऊन झालं की कागद निळा नाही, करडा-कांस्य दिसतो, पोरं घाबरतात की बिघडलं. बिघडत नाही, जास्त उजेडाने निळ्यालाही आणखी इलेक्ट्रॉन मिळून तो पांढुरका होतो, धुऊन वाळत घातला की हवेतला ऑक्सिजन तो इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि एका दिवसात निळा परत येतो. भिंतीवर रंग उडालेला प्रिंट काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवला तर परत गडद होतो, तो याच कारणाने.

तिसऱ्या दिवशी टाकीचं पाणी संपलं, आम्ही बोरच्या पाण्यात प्रिंट धुतले आणि निळा डोळ्यादेखत फिका पडत गेला, एकदोन ठिकाणी पिवळट. बोरचं पाणी अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, आणि प्रशियन ब्ल्यूला असं पाणी अजिबात सोसत नाही, त्याचं लोखंड सुटून गंजासारखं पिवळं होतं. बादलीत अर्धं लिंबू पिळलं आणि पुढचे प्रिंट वाचले. मग पोरांनी याचाच डाव केला, मुद्दाम धुण्याच्या सोड्यात बुडवून प्रिंट पिवळा करायचा आणि कडक काळ्या चहात ठेवायचा, चहातलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, लोखंडाला धरतं आणि तपकिरी-काळी छटा येते. दहावीतल्या एकाने चहाऐवजी बाभळीच्या शेंगा उकळून आणल्या, त्याचा रंग चहापेक्षा गडद आला. ही कल्पना पूर्ण त्याची होती.

निंबाच्या सावलीतही एक कागद ठेवून पाहिला. वेळ खूप लागला, कडा पुसट, पण निळा आला. आभाळच अतिनील विखुरत असतं, सावलीत बसलं म्हणून ते सुटत नाही, आणि पोरींनी तिथल्या तिथे स्कार्फचं कापड कागदावर ठेवून तपासलं, पातळ जॉर्जेटखाली बराच निळा उमटला, घट्ट विणीच्या सुती कापडाखाली जवळजवळ पांढरं.

शेवटचा दिवस मुद्दाम मेच्या शेवटच्या आठवड्यात धरला होता, कारण त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य अगदी माथ्यावरून जातो आणि सावली पायाखाली गडप होते. ठिबकच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा पोरांनी कागदावर उभा केला, बारा वीसला, आणि सगळे कैरीचं पन्हं घेऊन जिन्याच्या सावलीत बसले. पाच मिनिटांनी कागद धुतला. पाइपाच्या आत थेट तळापर्यंत ऊन गेलं होतं, आत निळं, बाहेर निळं, मधे फक्त बांगडीसारखं एक पांढरं वर्तुळ.