चैत्रातल्या बांधावरची रुई

फाल्गुन संपता संपता खान्देशात गहू, हरभरा, दादर (रब्बी ज्वारी) घरी आलेली असते, बांधावरचे गवत वाळलेले असते आणि जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशी गाठतो. अशा वेळी कोरडवाहू शिवारात हिरवे पान आणि ताजे फूल हमखास मिळते ते रुईवर. बांध साफ करताना ती सरसकट खणून काढणे नुकसानीचे आहे.

रुईचे फूल हातात घेऊन पाहा. मधोमध पंचकोनी चकती, तिच्या प्रत्येक कोपऱ्यावर बारीक काळपट ठिपका आणि त्याखाली उभी खाच. खाचेत बारीक सुई घालून खालून वर अलगद ओढली, की ठिपका सुईला चिकटून येतो आणि त्याला दोन चपट्या पिवळ्या पिशव्या लोंबतात. रुईचा पराग पिठासारखा उडत नाही, तो या पिशव्यांतूनच जातो. एका फुलात अशा पाच जोड्या. लाकूड पोखरणारा काळा भुंगा मधासाठी बसतो, त्याचा पाय खाचेत सरकतो आणि तो जोर लावून ओढताना जोडी घेऊनच सुटतो. ती पिशवी पुढच्या फुलाच्या खाचेत नेमकी बसली तरच फळ धरते. म्हणून झुडूप फुलांनी लगडते, पण बोंडे मोजकीच लागतात. लहान माशीच्या अंगात एवढा जोर नसतो. पाय अडकून ती कधी फुलावरच मरते.

पानाखाली बिबळ्या कडवा हे फुलपाखरू एकेक अंडे घालते. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी आधी पानाची शीर कुरतडते, चिकाचा ओघ तोडते आणि मगच पुढचा भाग खाते. चिकातले विष तिच्या अंगात साठते, त्यामुळे पक्षी तिला सहसा टाळतात.

कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक, काळ्या पायांचा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला की फवारणीची घाई होते. ती करू नये. हा मावा रुई-कण्हेरीच्या कुळातल्या झाडांवर जगतो. कपाशीचा मावा वेगळा. रुईवरच्या माव्याच्या माद्या नराविना थेट पिल्ले घालतात, म्हणून तो झपाट्याने वाढतो आणि ढालकिडे, त्यांच्या अळ्या, सिरफिड माशीच्या अळ्या त्यावर पोसल्या जातात. फुगून तपकिरी, कागदासारखा झालेला मावा दिसला, तर त्याच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशी वाढते आहे किंवा वाढून गेली आहे. हेच ढालकिडे कपाशीवरचा मावाही खातात. रुईवर फवारा मारला तर आधी तेच मरतात.

माव्याच्या गोड चिकट्यावर काळी बुरशी धरते. ती पानात शिरत नाही, ओल्या बोटाने पुसली जाते. फक्त पानाचे ऊन अडवते. रुईवरची भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, मात्र पानाच्या आत वाढते आणि तिचे धागे पर्णरंध्रांतून बाहेर येतात, म्हणून पुसून ती जात नाही. मुळांशी राहणारी मायकोरायझा बुरशी मातीतले स्फुरद झाडाला मिळवून देते आणि बदल्यात साखर घेते.

बांधावर दोन-तीन झुडपे ठेवली तरी पुरे. रुई फार पसरू नये म्हणून बोंडे उकलून म्हाताऱ्या उडण्याआधी, हिरवी असतानाच तोडावीत. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर तेवढी फांदी कापून जाळावी, कारण तो कपाशीवरही येतो. कापताना हातमोजे घालावेत. चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. डोळा न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि लगेच डॉक्टरकडे जावे.