नऊ ग्रह, दोन याद्या

मराठी लग्नघरांत चेष्टेने म्हटला जाणारा एक संस्कृत श्लोक अनेकांनी ऐकलेला असेल : ‘सदा वक्रः सदा क्रूरः सदा पूजामपेक्षते। कन्याराशिस्थितो नित्यं जामाता दशमो ग्रहः॥’ कायम वाकडा, कायम क्रूर, सतत पूजेची अपेक्षा ठेवणारा आणि कन्याराशीतून न हलणारा जावई हा दहावा ग्रह होय, असा त्याचा अर्थ. ग्रह नऊच आहेत हे ऐकणाऱ्याला पक्के ठाऊक असते, म्हणून हा विनोद साधतो. जुलै २००५ मध्ये नेपच्यूनच्याही पलीकडे एक मोठी वस्तू सापडल्याची घोषणा झाली, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिलाही ‘दहावा ग्रह’ असेच म्हटले. दोन्हीकडे आधीचे नऊच होते, पण ते नऊ जण एक नव्हते.

वास्तुशांतीच्या वेळी तांदळावर ज्या नऊ सुपाऱ्या मांडतात, त्या रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू आणि केतू यांच्या असतात. २००६ पर्यंत त्याच घरातल्या मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात नऊ ग्रह होते ते बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून आणि प्लूटो. दोन्ही याद्यांत सामाईक नावे पाचच. संख्या जुळली हा निव्वळ योगायोग होता, पण त्या योगायोगामुळे एक गोष्ट झाकली गेली : शब्द तोच राहिला, मात्र तो कोणाला लावायचा याची अट मुळापासून आणि एकाहून अधिक वेळा बदलली.

‘ग्रह्’ या संस्कृत धातूचा अर्थ धरणे, पकडणे. ग्रहण, आग्रह, निग्रह, संग्रह, पाणिग्रहण हे सगळे त्याच कुळातले शब्द आहेत, आणि ग्राहकापासून आलेले आपले ‘गिऱ्हाईक’सुद्धा. ‘त्याने माझ्याविषयी उगाच वाईट ग्रह करून घेतला’ या वाक्यातला ग्रह म्हणजे मनाने पकडलेली समजूत. सुश्रुतसंहितेत लहान मुलांना पछाडणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत. त्यांत स्कंद, शकुनी, रेवती, पूतना अशी नावे आहेत आणि त्यांपैकी एकही आकाशातला गोल नाही. पकडतो तो ग्रह, एवढीच येथे अट आहे. सूर्यचंद्रांना पकडणारा राहू हाच आकाशातला पहिला ग्रह असावा आणि त्याच्यावरून हे नाव पुढे इतरांना लागले असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. ग्रहण सुटताना रस्त्यांवरून ऐकू येणारी ‘दे दान सुटे गिऱ्हाण’ ही जुनी आरोळी त्याच पकडीविषयी बोलते.

गणिती ज्योतिषाच्या हाती आल्यावर मात्र हा शब्द पकडीकडून गतीकडे सरकला. आकाशातले बहुतेक तारे एकमेकांपासूनची अंतरे न बदलता एकत्र फिरतात आणि मोजके काही ज्योतिर्गोल त्यांच्यामधून वाट काढत जातात. डिसेंबर २०२४ मध्ये ज्यांनी रोज रात्री मंगळ पाहिला असेल त्यांना हे आठवेल. कर्क राशीत पूर्वेकडे सरकणारा तो तांबूस ठिपका महिन्याच्या सुरुवातीला थबकला, मग उलटा पश्चिमेकडे निघाला, जानेवारीत पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांजवळ येऊन पोचला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा थांबून पूर्ववत सरळ चालू लागला. याला मंगळ वक्री होणे म्हणतात. धावत्या एसटीतून पाहताना पुढे चाललेली बैलगाडी मागे पडत जाते, तसेच पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगाने पुढे निघून जाताना मंगळ मागे सरकल्यासारखा दिसतो. ग्रीक लोकांनी या गोलांना ‘भटके तारे’ म्हटले आणि त्यांच्या त्या शब्दातूनच इंग्रजीतला ‘प्लॅनेट’ आला. त्यांच्या यादीत सूर्य आणि चंद्र धरून सात भटके होते. आपल्या सिद्धान्तग्रंथांनी मंगळ, बुध, गुरू, शुक्र व शनी या पाचांना ‘ताराग्रह’ असे वेगळे नाव दिले, कारण सूर्यचंद्रांचे बिंब दिसते, तर हे पाच ताऱ्यांसारखे ठिपके दिसतात.

मग राहू-केतू या यादीत का राहिले? इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने ‘छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया’ असे लिहून ग्रहणाचे कारण सावली हे स्पष्ट केले होते. तरीही गणितज्ञांना राहू हवाच होता, कारण चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला सुमारे पाच अंशांनी तिरपी आहे आणि हे दोन मार्ग जेथे एकमेकांना छेदतात त्या बिंदूंच्या जवळपास सूर्यचंद्र असले तरच ग्रहण घडते. ते दोन छेदनबिंदू म्हणजे राहू आणि केतू. ते दिसत नाहीत, पण स्थिरही नाहीत. सुमारे १८.६ वर्षांत ते एक फेरी पूर्ण करतात आणि तीही उलट दिशेने, म्हणजे सरासरीने पाहता ते सदैव वक्री असतात. जावयाला ‘सदा वक्रः’ म्हणणाऱ्या कवीला ज्योतिष चांगले येत असावे.

या परंपरेत ग्रह म्हणजे, थोडक्यात, ज्याचे स्थान दररोज गणिताने काढावे लागते ते. कोकण किनाऱ्यावरच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० हे आरंभवर्ष धरून रचलेल्या ‘ग्रहलाघवा’त ही दृष्टी अगदी स्पष्ट दिसते. महाराष्ट्रातली पंचांगे ज्या ग्रंथावरून कित्येक पिढ्या तयार होत आली, त्यात त्रिकोणमितीतल्या ‘ज्या’ (साइन) या राशीचा वापर टाळून आणि दिवसांची मोजणी ४०१६ दिवसांच्या चक्रांत बांधून आकडेमोड हलकी केलेली आहे. ग्रह कशाचा बनला आहे, केवढा आहे, कशाभोवती फिरतो, हे प्रश्न त्या कामासाठी गौण होते. आज कुठे आहे, एवढे अचूक सांगता आले म्हणजे झाले. अदृश्य राहूला ग्रहांत बसवणे हे अज्ञान होते असे आपण सहज म्हणून जातो, पण त्या व्याख्येप्रमाणे राहू मंगळाइतकाच अस्सल ग्रह होता.

कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्या शतकभरात अटच बदलली. आकाशात कोण कसे हिंडताना दिसते याऐवजी कोण कोणाभोवती फिरते हा प्रश्न महत्त्वाचा झाला. सूर्य यादीतून गेला आणि जिच्यावर उभे राहून सगळे मोजत होते ती पृथ्वी यादीत आली. चंद्राची स्थिती बराच काळ अधांतरी राहिली. गॅलिलिओला १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र दिसले, पुढे शनीचेही सापडले, पण १६७३ मध्ये आपल्या दोन शोधांविषयी लिहिताना कासिनी या ज्योतिर्विदाने त्यांना ‘शनीभोवतीचे दोन नवे ग्रह’ असेच म्हटले होते. केप्लरने गुरूच्या चंद्रांसाठी वापरलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ सेवक किंवा अनुचर असा होतो. मराठीत त्या जागी आलेला ‘उपग्रह’ हा शब्द नवा नाही. फलज्योतिषात गुलिक, मांदी यांसारख्या केवळ गणिताने काढलेल्या बिंदूंना उपग्रह म्हणत आले आहेत. जुने भांडे घासून त्यात नवे अन्न वाढावे तसा तो शब्द वापरला गेला, आणि आता तर श्रीहरिकोट्याहून सुटणाऱ्या यंत्रांनाही तोच लागतो.

१३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधल्या बाथ येथे विल्यम हर्शेलला दुर्बिणीतून एक चकतीसारखा ठिपका दिसला. प्रथम त्याला तो धूमकेतू वाटला. तो शनीपलीकडचा ग्रह आहे हे ठरल्यावर त्याला राजा जॉर्जचे नाव द्यावे अशी हर्शेलची इच्छा होती, फ्रान्समध्ये काही जण त्याला ‘हर्शेल’च म्हणत, आणि अखेर बोडे या जर्मन ज्योतिर्विदाने सुचवलेले ‘युरेनस’ हे नाव टिकले. जगाने सोडून दिलेले ते शोधकाचे नाव मराठीने मात्र ‘हर्षल’ असे आपलेसे करून जपले. हिंदीत याच ग्रहाला अरुण म्हणतात. आपल्याकडे हर्षल नावाची मुले इतकी आहेत की हा शब्द एका जर्मन आडनावाचे मराठी रूप आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

१ जानेवारी १८०१ रोजी इटलीतल्या पालेर्मो येथे पियाझी या ज्योतिर्विदाला सेरेस हा छोटा गोल सापडला आणि पुढच्या सहा वर्षांत पॅलास, जुनो व व्हेस्टा यांची भर पडली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली कित्येक पाठ्यपुस्तके अकरा ग्रह शिकवत होती. १८४५ पासून असे गोल भराभर सापडू लागले, तेव्हा त्या सर्वांना ग्रहांच्या पंक्तीतून उठवून लघुग्रहांच्या पंक्तीत बसवले गेले. यासाठी कोणी मतदान घेतले नव्हते. मला तर ही पद्धत पुढच्या प्रकारापेक्षा अधिक शहाणपणाची वाटते.

प्लूटो १८ फेब्रुवारी १९३० रोजी ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉला सापडला. सुरुवातीला तो पृथ्वीच्या तोडीचा असेल असा अंदाज होता. पण १९७८ मध्ये त्याचा शॅरन हा चंद्र सापडल्यावर वजन नीट काढता आले आणि ते पृथ्वीच्या सुमारे साडेचारशेव्या हिश्शाएवढे भरले. त्याचा व्यास २,३७७ किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या ३,४७४ किलोमीटरच्या चंद्राहूनही बराच कमी. १९९२ पासून त्याच्याच परिसरात इतर बर्फाळ गोल सापडू लागले, आणि २००५ मध्ये जाहीर झालेला ‘दहावा ग्रह’, ज्याला पुढे एरिस नाव मिळाले, तो वस्तुमानाने प्लूटोपेक्षा जड निघाला. आता एक तर एरिसला घ्या, नाही तर प्लूटोला सोडा, अशी वेळ आली.

ऑगस्ट २००६ मध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची परिषद भरली. पहिल्या मसुद्याप्रमाणे सेरेस, शॅरन आणि एरिस आत येऊन ग्रह बारा होणार होते. त्यावर वाद झाला आणि २४ ऑगस्टला, बरेच सदस्य घरी परतल्यानंतर, उरलेल्या ४२४ जणांच्या मतदानात दुसरीच व्याख्या संमत झाली : ग्रह सूर्याभोवती फिरणारा असावा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेला असावा आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला असावा. तिसऱ्या अटीची शब्दयोजना नगरपालिकेच्या नोटिशीसारखी आहे, पण तिच्यामागचे भौतिकशास्त्र भक्कम आहे. पृथ्वीच्या कक्षेच्या पट्ट्यातले बाकीचे सगळे दगडधोंडे एकत्र केले तरी पृथ्वी त्यांच्या सुमारे १७ लाख पट जड ठरते. प्लूटो आपल्या पट्ट्यातल्या उरलेल्या वस्तुमानाच्या एक दशांशही भरत नाही. ज्याची गुरुत्वाची पकड शेजारपाजारावर चालते तो ग्रह, असा या अटीचा मथितार्थ आहे. धातूचा मूळ अर्थ ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तो परका वाटू नये.

प्लूटो बटुग्रह झाला. नावात ग्रह आहे, पण संघाच्या ठरावाप्रमाणे तो ग्रहांत मोडत नाही. सूर्याभोवतीच्या एका फेरीला त्याला २४८ वर्षे लागतात, आणि ग्रहपद मिळाले ७६ वर्षे, म्हणजे स्वतःच्या वर्षाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. न्यू होरायझन्स हे यान जानेवारी २००६ मध्ये ग्रहाकडे निघाले आणि १४ जुलै २०१५ रोजी बटुग्रहाजवळून गेले. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत पाण्याच्या बर्फाचे डोंगर आणि गोठलेल्या नायट्रोजनचे विस्तीर्ण मैदान दिसले. या मोहिमेचे प्रमुख ॲलन स्टर्न आणि त्यांच्या मताचे ग्रहशास्त्रज्ञ म्हणतात की गोल कोणाभोवती फिरतो हे न पाहता तो आतून-बाहेरून कसा आहे ते पाहावे. त्यांची व्याख्या मानली तर ग्रह शंभराच्या वर जातात आणि चारशे वर्षांपूर्वी बाहेर पडलेला आपला चंद्रही त्यांत परत येतो. बुधाचा व्यास ४,८७९ किलोमीटर आणि शनीच्या टायटनचा ५,१५०, हे पाहिले की त्यांचे म्हणणे अगदीच उडवून लावता येत नाही.

प्रागच्या व्याख्येत ‘सूर्याभोवती’ हा शब्द असल्याने दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह तिच्यात बसतच नाहीत. १९९५ मध्ये मेयर आणि केलो यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला, त्याचे वर्ष जेमतेम सव्वाचार दिवसांचे. त्यानंतर असे हजारो सापडले आहेत. त्यांतल्या एका ताऱ्याचे आणि त्याच्या ग्रहाचे नाव ठेवण्याचा मान २०१९ मध्ये भारताला मिळाला. ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून ‘बिभा’ म्हटले गेले आणि ग्रहाला ‘संतमस’. दोन दिवसांच्या आसपास एक फेरी पुरी करणाऱ्या या गोलाला ग्रह म्हणताना कोणीही अडखळत नाही.

अनेक मराठी पंचांगांत आजही रोजच्या ग्रहस्थितीत राहू-केतूंसोबत हर्षल, नेपच्यून आणि प्लूटो यांचे अंश छापलेले असतात, आणि संगणकावर काढलेल्या पत्रिकेच्या चौकोनात ‘प्लू’ ही खूण आपल्या घरात बसलेली दिसते. प्रागमधला ठराव तेथपर्यंत गेलेला नाही. ज्याचे आजचे स्थान गणिताने काढता येते तो ग्रह, ही गणेश दैवज्ञांच्या वेळची अट तेथे अजून लागू आहे, आणि त्या अटीत प्लूटो बसतो.