भोकं पाडली म्हणजे पाणी मिसळलंच असं नाही

फायटर मासा पाळणाऱ्याला कधी ना कधी दुसरा फायटर घ्यावासा वाटतोच. दोन नर एका टाकीत सोडता येत नाहीत, हे दुकानदार विकतानाच सांगतो. घोडबंदर रोडच्या किंवा ऐरोलीच्या वन बीएचकेमध्ये दुसऱ्या टाकीला जागाही नसते. मग आहे त्याच टाकीत मधोमध पार्टिशन घालायचं ठरतं. अ‍ॅक्रिलिकचा तुकडा मापाने कापून आणायचा, ड्रिलने पंचवीस-तीस भोकं पाडायची, सिलिकॉनने चिकटवायचा, झालं काम. फिल्टर असतो एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूचं काय, असं विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: भोकं आहेत ना, पाणी आपोआप एक होतं.

ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्यापायी मासे मरतात, तरी तिच्यावर कुणाचा संशय जात नाही. फिल्टर नसलेल्या बाजूचा मासा काही आठवड्यांत मलूल होतो, पर मिटून तळाशी बसतो, खाणं सोडतो. तो मेला की घरातलं कुणीतरी म्हणतं, आपल्यावरचं संकट त्याने अंगावर घेतलं. या वाक्याची मला मनापासून चीड येते. संकट त्या माशावर आलं होतं, ते आपण मांडलेल्या पाण्यातून आलं होतं, आणि ते टाळता येण्यासारखं होतं. एकदा संकट नशिबाच्या खात्यावर टाकलं की पुढचा मासाही त्याच कप्प्यात जातो.

फायटर म्हणजे बेट्टा स्प्लेन्डेन्स, मूळचा थायलंडचा. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला लॅबिरिंथ नावाचा घड्याघड्यांचा अवयव असतो. त्याने तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला ऑक्सिजन घेतो. म्हणूनच तो ग्लासात, फुलदाणीत, बरणीत जगतो असं सांगून विकला जातो. पण ऑक्सिजनची सोय झाली म्हणजे सगळं झालं असं नाही. मासा अन्नातली प्रथिनं वापरतो, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो बहुतांशी कल्ल्यांवाटे पाण्यात सोडला जातो. लॅबिरिंथचा इथे काही उपयोग नाही. अमोनिया पाण्यातच राहतो आणि साठत जातो.

किती साठतो याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. एका फायटरला दिवसाला साधारण ५० मिलिग्रॅम कोरडं खाद्य घातलं, तर त्यातून २ मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात उतरतो. अठरा इंची टाकीचा अर्धा भाग म्हणजे सुमारे १४ लिटर पाणी. तेवढ्या पाण्यात चार दिवसांत प्रत्येक लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त साठा होतो. त्यातला विषारी भाग किती, हे पीएच (पाण्याची आम्लता मोजणारा आकडा) आणि तापमानावर ठरतं. ३० अंशांना पीएच ७ असेल तर शंभरात एकाहून कमी, आणि पीएच ८ असेल तर सात-आठ. एप्रिल-मेमधल्या ठाण्यात टाकीचं पाणी ३० अंशांवर सहज जातं.

हा अमोनिया संपवणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर राहतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. बरीच वर्षं असं मानलं जात होतं की टाकीतलं दुसरं काम नायट्रोबॅक्टर नावाचे जीवाणू करतात. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्यावर दिसलं की ते काम नायट्रोस्पायरा या दुसऱ्याच जीवाणूंचं आहे. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकटा करणारा नायट्रोस्पायरा सापडला. मुद्दा एवढाच, की हे जीवाणू काचेवर आणि खड्यांवरही थोडेफार असतात, पण त्यांची खरी वस्ती स्पंजवर, जिथून पाणी सतत वाहतं तिथे. पार्टिशनपलीकडच्या अमोनियाला तिथवर पोचवायचं तर कुणीतरी न्यायला हवं.

कोण नेणार? इथे विसरण, म्हणजे विरघळलेला पदार्थ पाण्यात आपोआप पसरत जाणं, हे नाव पुढे येतं, आणि ते आपल्या मनात शाळेनेच बसवलेलं असतं. बीकरमध्ये पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकायचा, जांभळे धागे वर-खाली पसरताना बघायचे, थोड्या वेळाने सगळं पाणी जांभळं. बाई सांगतात, बघा, हे विसरण. खरं तर त्या जांभळ्या धाग्यांमध्ये विसरणाचा वाटा फार थोडा असतो. बीकर ठेवताना हललेलं पाणी, विरघळल्यामुळे जड झालेल्या द्रावणाचं खाली घसरणं, हातांची आणि खोलीची ऊब, या सगळ्यांमुळे पाण्यात प्रवाह तयार होतात आणि रंग ते प्रवाह वाहून नेतात. पाणी खरोखर निश्चल असतं, तर तास संपेपर्यंत खड्याभोवती जेमतेम बोटभरसुद्धा रंग पसरला नसता.

विसरणाचा नियम अडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडला आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी तो रेणूंच्या धक्काबुक्कीशी जोडला. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीचे धक्के खात, कुठे जायचं हे न ठरवता माणूस सरकत राहिला तर तो निघाल्या जागेपासून किती दूर जाईल, तसंच हे. प्रत्येक धक्का वेगळ्या दिशेचा, त्यामुळे बरीचशी पावलं एकमेकांना खोडतात. अंतर वाढतं, पण काळाच्या वर्गमुळाने. उलटं मांडायचं तर दुप्पट अंतराला चौपट वेळ लागतो आणि दहापट अंतराला शंभरपट.

अमोनियाचा पाण्यातला विसरण गुणांक सेकंदाला साधारण ०.००२ चौरस मिलिमीटर आहे. अंतराचा वर्ग करा आणि गुणांकाच्या दुपटीने भागा, लागणारा वेळ मिळतो. १ मिलिमीटरला सुमारे चार मिनिटं. १ सेंटिमीटरला सात तास. १० सेंटिमीटरला जवळपास महिना. आणि ३० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या शाळेच्या पट्टीएवढ्या अंतराला, साडेआठ महिने! मला विज्ञानातलं हे गणित फार आवडतं. त्यातून दिसतं की एवढ्याशा जीवाणूला खाणंपिणं विसरणाने सहज मिळतं, पण आपल्याला हृदय लागतं, माशाला कल्ल्यांवरून पाणी ढकलावं लागतं आणि झाडाला रसवाहिन्या लागतात. जीव मिलिमीटरच्या पुढे वाढला की वाहतुकीची व्यवस्था करावीच लागते. टाकीलाही हाच नियम लागू आहे.

खऱ्या टाकीत पाणी कधीच पूर्ण निश्चल नसतं, हेही सांगायला हवं. मासा शेपूट हलवतो, दिव्याने एक बाजू तापते, पृष्ठभागावरून बाष्पीभवन होऊन वरचं पाणी गार होतं आणि खाली बसतं. अशाने भोकांमधून थोडी देवाणघेवाण होत राहते. पण ती आपल्या हातात नसते. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की बाष्पीभवन मंदावतं आणि ही फुकटची मदतही कमी होते.

आता भोकांकडे येऊ. एका बाजूला फिल्टर चालू असला तरी तो पाणी ओढतो त्याच बाजूचं आणि सोडतो त्याच बाजूला. दोन्हीकडची पातळी सारखी राहते, मग भोकातून पाणी जाईल कशाला? पाणी भोकातून ढकलायला दाबातला फरक लागतो. टाकीत तो फरक म्हणजे पातळीतला फरक. म्हणून फिल्टरने पाणी ओढायचं एका कप्प्यातून आणि सोडायचं दुसऱ्या कप्प्यात. मग सोडलेल्या पाण्याला परतायला पार्टिशनखेरीज वाट उरत नाही. एवढी एक गोष्ट केली की सगळं चित्र बदलतं.

किती फरक पडतो? टॉरिचेल्ली यांचा सतराव्या शतकातला नियम इथे कामाला येतो. भोकातून येणाऱ्या पाण्याचा वेग हा पातळीतल्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ताशी २०० लिटर पाणी फिरवणारा छोटा फिल्टर घ्या. पार्टिशनला ४ मिलिमीटर व्यासाची ३० भोकं आहेत. सगळ्या भोकांचं क्षेत्रफळ मिळून चार चौरस सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. त्यातून एवढं पाणी न्यायचं तर दोन कप्प्यांच्या पातळीत साधारण ३ मिलिमीटर फरक पडतो. शेवाळ आणि बुळबुळीत थर साचून निम्मी भोकं बुजली की फरक चौपट होतो, म्हणजे १२ मिलिमीटर. आणखी निम्मी बुजली तर पाच सेंटिमीटरच्या घरात. पाण्याखालचं पार्टिशन २५ बाय २५ सेंटिमीटरचं असेल तर १२ मिलिमीटरच्या फरकाने त्याच्यावर पाऊण किलोचा दाब येतो. पार्टिशन फुगतं, कडेने सुटतं आणि सकाळी उठून बघावं तर दोन्ही नर एकाच बाजूला.

आता हेच पार्टिशन प्लास्टिकच्या जाळीचं करा, जिचा निम्मा भाग मोकळा आहे. मोकळं क्षेत्रफळ होतं तीनशे चौरस सेंटिमीटरच्या वर. पाणी सेकंदाला दोन मिलिमीटरहून कमी वेगाने सरकतं. माशाला ते जाणवतही नाही. पातळीतला फरक डोळ्यांना दिसत नाही. थोडी जाळी बुजली तरी बिघडत नाही.

खरं तर एवढ्या पाण्याचीही गरज नसते. रोजचा २ मिलिग्रॅम अमोनिया हलवायला ताशी ५ लिटर पाणी जाळीतून गेलं तरी पुरतं. दोन बाजूंतल्या अमोनियाचा फरक लिटरमागे मिलिग्रॅमच्या साठाव्या भागाच्या आसपास राहतो. म्हणून हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टरही चालतो. त्याच्या नळीत बुडबुडे मिसळल्याने पाणी हलकं होऊन वर चढतं. त्या नळीच्या टोकाला एल्बो (काटकोनात वळलेला जोड) लावून तोंड पार्टिशनपलीकडे काढायचं. फायटरला जोराचा प्रवाह सोसत नाही, त्यामुळे हीच रचना मला जास्त पटते.

जाळीसाठी भरतकामाला वापरतात ती कडक प्लास्टिक कॅनव्हासची जाळी उत्तम. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा क्राफ्टच्या दुकानात शोधा. ती काचेला उभी धरायला स्टिक फाइलची प्लास्टिक पट्टी घ्यायची, कुठल्याही स्टेशनरीत मिळते. पट्टीची पाठ सिलिकॉनने आतल्या काचेला चिकटवायची आणि जाळी खाचेत वरून सरकवायची, म्हणजे धुवायला बाहेर काढता येते. माप आतून घ्या आणि कोपऱ्यातल्या जुन्या सिलिकॉनची जाडी धरा. तिथली फट राहिली की मासा नेमका तीच शोधतो. जाळी पाण्याच्या वर चांगली चार-पाच बोटं हवी आणि टाकीला झाकण हवं, कारण फायटर उडी मारतो. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन नको, त्यात जीवाणू-बुरशी मारणारी रसायनं असतात. साधं व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन वास पूर्ण जाईपर्यंत वाळू द्या. जीआयची, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची जाळी तर कधीच नको. तिच्यावरचं जस्त पाण्यात उतरतं आणि माशांच्या कल्ल्यांना बाधतं.

दिसण्याचा प्रश्न उरतो. १९६३ मध्ये ट्रॅव्हिस थॉम्पसन यांनी दाखवलं की आरशातलं स्वतःचं प्रतिबिंब बघायला मिळावं म्हणून फायटर नर ठरावीक कृती शिकतो. समोर दुसरा नर दिसण्याची त्याची ओढ एवढी जबरदस्त असते. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकपलीकडे प्रतिस्पर्धी दिवसभर दिसत राहिला तर तो कल्ले फुलवण्यातच दमतो. म्हणून जाळ्या दोन घ्या, मध्ये बोटभर अंतर ठेवा आणि एकीची भोकं दुसरीच्या काड्यांसमोर येतील अशा सरकवा. नजर अडते, पाणी अडत नाही. तरी दिसत असेल तर दोन्हीकडे जाळीलगत झाडं लावा.

मासे सोडण्याआधी एका बाजूला खाण्याच्या रंगाचे थेंब टाकून बघा. आधी फिल्टर बंद ठेवून, मग चालू करून. ताशी २०० लिटरचा फिल्टर बरोबर जोडला असेल तर दहा मिनिटांत दोन्ही बाजूंचा रंग सारखा होतो. स्पंज फिल्टरला जास्त वेळ लागेल. एक बाजू फिकीच राहिली तर एल्बोची दिशा आणि कडेच्या फटी तपासा. हे पाणी नंतर पूर्ण बदला. पुढे दर आठवड्याला पाणी बदलताना दोन्ही कप्प्यांच्या पातळीकडे बघत जा. फरक दिसायला लागला की जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासा, तीही टाकीतून काढलेल्याच पाण्यात, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तिच्यावरचे जीवाणू मारतं.