‘लॉग ऑन टू’चा रकाना कुठे गेला?

इंजिनीअर मशीन दुरुस्त करून, कागदावर सही घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टेबलावरचा माणूस नेहमीचाच पासवर्ड टाकतो आणि तो चुकीचा ठरतो. खरे तर पासवर्ड बरोबर असतो. फक्त डोमेनच्या, म्हणजे ऑफिसची सगळी मशीन आणि खाती एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, सर्व्हरला विचारण्याऐवजी मशीन तो स्वतःच्याच खात्यांशी ताडून पाहत असते. विंडोज एनटी १९९३ साली आले तेव्हापासून दोन्हीकडे लॉगिन करण्याची ही सोय, आणि तिच्यासोबत ही गैरसोय, चालत आली आहे. सगळ्यांच्या ओळखीची झाली ती मात्र विंडोज एक्सपीच्या काळात.

एक्सपीच्या लॉगिन चौकटीत नाव आणि पासवर्डच्या खाली ‘लॉग ऑन टू’ हा तिसरा रकाना असे. त्यात ऑफिसचे डोमेन किंवा ‘धिस कॉम्प्युटर’ निवडायचे. आधीचा माणूस जे निवडून गेला तेच पुढच्या वेळी तिथे असे. इंजिनीअरने लोकल, म्हणजे त्या मशीनपुरत्या, ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून काम केले की रकाना मशीनच्या नावावर अडकलेला. त्यातच कोणी ‘ऑप्शन्स’ बटण दाबून ठेवले असेल, तर रकाना मिटलेला आणि चूक नजरेआड. तरीही फोनवर दोन वाक्यांत काम व्हायचे : ऑप्शन्स दाबा, खालच्या रकान्यात आपले नाव निवडा.

‘आपले नाव’ असे मोघम सांगावे लागे, कारण ‘डोमेन’ म्हटले की समोरचा वेबसाइटकडे वळे. अकाउंट्सवाले विचारत, डोमेन तर गेल्याच महिन्यात रिन्यू केले ना? विंडोज २००० पासून ऑफिसच्या एकाच डोमेनला दोन नावे आली : एक ठिपके असलेले लांब, दुसरे जास्तीत जास्त १५ अक्षरांचे आखूड. रकान्यात आखूड नाव दिसे आणि लोक ईमेलचा पत्ता टाकून मोकळे होत.

मग २००६ च्या अखेरीस विंडोज व्हिस्टा आले आणि तो रकानाच काढून टाकला गेला. या बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे साधे : रोजच्या माणसाला एकच डोमेन लागते, त्याला यादी कशाला? मुद्दा खोटा नाही. पण लोकल खात्यात शिरायचे तर आता नावाआधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ टाकावी लागू लागली. ही रेघ की सरळ तिरकी, यावर फोनवर किती वेळ गेला असेल! त्याहून वाईट म्हणजे काम झाल्यावर पडद्यावर शेवटच्या माणसाचे, म्हणजे इंजिनीअरच्या खात्याचे चित्र राही. लोक त्याच्याखालीच स्वतःचा पासवर्ड टाकत बसत. ‘स्विच यूजर’, मग ‘अदर यूजर’ असे दोन टप्पे ओलांडले की डोमेन आपोआप गृहीत धरले जाई, पण आधीच्या पडद्यावर हे सांगणारे काहीच नसे. एक्सपीतली चूक निदान बोट ठेवून दाखवता येत होती. बऱ्याच ऑफिसांनी व्हिस्टा टाळले, त्यामुळे हा बदल त्यांच्यावर आदळला तो २००९ नंतर, विंडोज ७ सोबत. शेवटच्या माणसाचे नाव दाखवूच नये अशी पॉलिसी सर्व्हरवरून लावता येते. ती लावलेल्या ठिकाणी ही तक्रार क्वचितच येते.

‘ट्रस्ट तुटला’, म्हणजे डोमेन मशीनलाच ओळखेनासे झाले, हे दुखणे वेगळे. मशीनचाही डोमेनमध्ये स्वतःचा पासवर्ड असतो आणि ते तो साधारण ३० दिवसांनी आपणहून बदलते. इंजिनीअरने जुनी इमेज (मशीनच्या डिस्कची साठवलेली प्रत) चढवली की मशीनकडे जुना पासवर्ड आणि सर्व्हरकडे नवा. उपाय ठरलेला : मशीन डोमेनमधून काढून वर्कग्रुपमध्ये टाकायचे आणि त्याच नावाने पुन्हा डोमेनला जोडायचे.

ऑक्टोबर २०२२ च्या सुरक्षा अपडेटने हा उपायही आवळला. डोमेनमध्ये त्या नावाचे मशीनचे खाते पूर्वी दुसऱ्याच कोणी तयार केले असेल, तर जोडणी नाकारली जाऊ लागली. अपवाद ठेवला तो मुख्यतः डोमेन ॲडमिनच्या हातून बनलेल्या खात्यांचा. जिथे देखभालीचा ठेका बदलून नवा माणूस येतो, तिथे हे हमखास आडवे येते. सुरुवातीला रजिस्ट्रीतून (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगमधून) पळवाट होती, तीही २०२४ मध्ये बंद झाली. कोणी बनवलेली खाती चालतील याची यादी सर्व्हरवर करता येते, पण ती करायला सर्व्हरचे अधिकार लागतात आणि बाहेरून आलेल्या माणसाकडे ते नसतात. तो नावापुढे ‘-२’ लावून मशीन जोडतो आणि निघून जातो. डब्यावरचे स्टिकर जुन्याच नावाचे राहते.