रात्रभर झोपणाऱ्या बाळाची अपेक्षा आली कुठून?

घरात तीन-चार महिन्यांचं बाळ असलं की भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "रात्री झोपतं ना नीट?" बाळ दर दोन-अडीच तासांनी उठून दूध मागत असेल, तर हा साधा प्रश्नही आईला जाब विचारल्यासारखा वाटतो. दूध पुरत नाही की काय, सवय बिघडवली की काय, अशी शंका तिला खात राहते. मात्र या वयात रात्र सलग झोपेत गेली पाहिजे ही अपेक्षा बाळांकडे पाहून ठरलेली नाही. ती डॉक्टरांच्या पुस्तकांतून आणि इस्पितळांच्या वेळापत्रकांतून घडत गेली. लेखी सल्ला म्हणून ती ठळकपणे दिसायला लागली त्याला जेमतेम पावणेतीनशे वर्षं झाली आहेत.

आधी दुधाकडे बघू. सशिणीच्या दुधात प्रथिनं दहा टक्क्यांहून जास्त असतात. ती दिवसातून साधारण एकदाच, काही मिनिटं पिल्लांना पाजते आणि निघून जाते. माणसाच्या दुधात प्रथिनं एक टक्क्याच्या आसपास आणि स्निग्धांश चारेक टक्के असतात. हे दूध पातळ असतं, लवकर पचतं, म्हणून पुन्हा पुन्हा लागतं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरकही आईच्या शरीरात रात्री जास्त असतं. बाळाचं झोपेचं एक आवर्तन तासाभराच्या आतबाहेर संपतं, मोठ्या माणसाचं साधारण दीड तासाचं असतं. पहिले दोन-तीन महिने तर दिवस-रात्रीचं घड्याळही त्याच्या शरीरात पुरतं बसलेलं नसतं. आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटातल्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या कुंग लोकांचा 1980 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की तिथल्या आया दिवसा तासाला अनेकदा, मिनिट-दोन मिनिटंच पाजत. रात्री बाळ आईच्या कुशीतच झोपे आणि तिथेच पीत असे.

मग वेळापत्रक आलं कुठून? 1748 मध्ये विल्यम कॅडोगन या इंग्रज डॉक्टरने बाळांच्या संगोपनावर एक निबंध लिहिला. टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलने तो उचलून धरला. त्यातलं बरंचसं आजही पटावं असं आहे: बाळाला कापडात करकचून गुंडाळू नका, लापशी कोंबू नका, आईने स्वतः पाजावं. पण त्याच निबंधात चोवीस तासांत चार वेळा पाजणं पुरे, आणि रात्री पाजूच नये, असंही सांगितलेलं आहे. मुलांची जपणूक अखेर समजदार पुरुषांनी मनावर घेतली, याचा आनंद कॅडोगनने सुरुवातीलाच व्यक्त केला आहे. मला हे वाक्य फार बोलकं वाटतं. रात्री उठून पाजणारीला न विचारता रात्रीचा नियम इथे ठरला.

पुढच्या दीडशे वर्षांत हा नियम घट्ट होत गेला, आणि त्यामागे खरी भीती होती. वरचं दूध निर्जंतुक करण्याची सोय नव्हती, बाटल्या धड धुतल्या जात नव्हत्या आणि उन्हाळ्यात जुलाबांनी बाळं दगावत. जास्त पाजल्यानेही जुलाब होतात, असा समज होता. न्यूयॉर्कच्या एमेट होल्ट यांचं 1894 चं प्रश्नोत्तररूपी पुस्तक मुळात बाळं सांभाळणाऱ्या दायांच्या प्रशिक्षणासाठी होतं. पुढे ते घरोघरी गेलं आणि घड्याळ लावून पाजणं हीच चांगल्या आईची खूण ठरली. न्यूझीलंडमध्ये ट्रूबी किंग मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. तिथल्या शेतावर वासरांना होणारे जुलाब रोखण्यासाठी त्यांनी दूध पाजण्याचे प्रयोग केले होते. 1907 मध्ये त्यांनी आई-बाळांच्या आरोग्यासाठी प्लंकेट सोसायटी ही संस्था सुरू केली. दर चार तासांनी पाजा, रात्री पाजू नका, ही त्यांची शिस्त दूरवर पसरली. बाळं वाचवायची ही त्यांची तळमळ खरी होती. पण बाटलीच्या दुधाच्या काळजीतून आलेला नियम अंगावर पिणाऱ्या बाळांनाही सरसकट लागू झाला, आणि हे नुकसान मोठं होतं. बाळ प्यायलं की दूध बनतं. पाजणं तोडलं की दूध आटतं, आणि मग दोष आईच्या माथी.

या शिस्तीला पहिला धक्का एका आईच्या नोंदींनी दिला. फ्रान्सेस सिमसेरियन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी प्रेस्टन मॅक्लेंडन या बालरोगतज्ज्ञांसोबत 1942 मध्ये एका बाळाच्या पहिल्या बारा आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळ मागेल तेव्हा पाजायचं आणि ते काय करतं हे टिपून ठेवायचं, एवढीच पद्धत. 1946 मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांच्या पुस्तकाने आईबापांना स्वतःच्या समजुतीवर भरवसा ठेवायला सांगितलं आणि घड्याळाची पकड सैल झाली.

रात्रीची अपेक्षा मात्र गेली नाही. 1957 मध्ये मूर आणि उको या संशोधकांनी लंडनच्या बाळांचा अभ्यास छापला. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत बाळाने उठवलं नाही, तर ते 'स्थिरावलं' असं त्यांनी मानलं. म्हणजे पाच तास! तीन महिन्यांपर्यंत 70 टक्के बाळं या अर्थाने स्थिरावली होती. लोकांच्या लक्षात आकडा राहिला, पाच तासांची मर्यादा विसरली गेली. शिवाय स्थिरावलेल्यांपैकी बरीच बाळं वर्षाच्या आत पुन्हा उठायला लागली होती, हेही त्याच अभ्यासात आहे. सगळी माहिती आयांनी सांगितलेली होती, म्हणजे आईला जाग आली तेवढंच मोजलं गेलं. 1979 मध्ये थॉमस अँडर्स या अमेरिकन संशोधकांनी रात्रभर चित्रीकरण करून पाहिलं. 'शांत झोपणारी' बाळंही रात्री जागी होत होती. काही जण न रडता पुन्हा झोपत, काही जण हाक मारत, इतकाच फरक.

1985 मध्ये रिचर्ड फर्बर या अमेरिकन डॉक्टरांची, रात्री रडणाऱ्या बाळाकडे लगेच न जाता थोडा थोडा वेळ थांबून जाण्याची पद्धत गाजली. ती लहानग्या, भुकेच्या वयातल्या बाळांसाठी नाही, हे सांगोवांगीत निसटलं.

दरम्यान सलग, गाढ झोप म्हणजेच चांगली झोप या समजालाही तडा गेला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटन, न्यूझीलंड, अमेरिका इथे बाळांना उताणं झोपवण्याच्या मोहिमा झाल्या आणि झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू खूप घटले. उताणं झोपलेलं बाळ सहज जागं होतं, आणि श्वास अडला तर जाग येणं हेच त्याला वाचवतं.

ऑस्ट्रेलियातल्या 2006 च्या एका अभ्यासात एक ते सहा महिन्यांची, फक्त अंगावर पिणारी 71 बाळं होती. त्यातली 64 टक्के रात्री 10 ते पहाटे 4 या वेळात पीत होती, आणि दिवसभरातल्या दुधाचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांना तेव्हा मिळत होता. कॅनडातल्या 2018 च्या अभ्यासात सहा महिन्यांची 38 टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. बारा महिन्यांच्या बाळांतही हे प्रमाण 28 टक्के होतं. या उठण्याचा बाळाच्या मानसिक किंवा हालचालींच्या विकासाशी संबंध आढळला नाही.

म्हणून रात्रीचं ओझं बाळाची झोप ताणून कमी होईल, ही आशा पहिल्या काही महिन्यांत धरू नये. आईची झोप वाचवण्याकडे लक्ष द्यावं. पाजायचं काम तिचं असलं तरी बाळ उचलून देणं, लंगोट बदलणं, ढेकर काढून थोपटणं ही कामं दुसऱ्याची असू शकतात. संध्याकाळी घरातल्या कुणीतरी बाळ घेतलं तर तिला सलग तीन-चार तास मिळतात. दिवा मंद ठेवावा, बोलणं टाळावं. बाळ त्याच खोलीत, पण स्वतःच्या सपाट, घट्ट गादीवर उताणं असावं. पेंगत पाजताना सोफ्यावर किंवा खुर्चीत बसू नये, कारण तिथे डोळा लागणं बाळासाठी फार धोक्याचं असतं. बाळाचं वजन वाढत नसेल, लघवी कमी होत असेल, ताप असेल किंवा ते प्यायला उठतच नसेल, तर लगेच डॉक्टरांकडे जावं. आणि बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल, तर तिलाही तितक्याच तातडीने दाखवावं.