१२ए आणि ८०जी: एका पावतीवरून पडलेले दोन प्रश्न

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या परळच्या चाळीतल्या मावशी एक पावती घेऊन आल्या. पातळ गुलाबी कागद, कार्बनचा निळसर डाग, रक्कम पाच हजार, रोख. वर एका सत्संग संस्थेचं नाव, त्याखाली सार्वजनिक न्यास नोंदणी क्रमांक आणि कोपऱ्यात तिरका रबरी शिक्का: ‘१२ए अंतर्गत नोंदणीकृत’.

“अगं, हे रिटर्नमध्ये टाक. सूट मिळते म्हणाले,” मावशी म्हणाल्या. त्यांचा जावई शेजारीच बसला होता. ज्या महाराजांच्या नावाने ती संस्था चालते, त्यांच्यावर वर्षभर नाही नाही ते आरोप चाललेत. तो उसळून म्हणाला, “असल्या लोकांना सरकार कर माफ करतंच कसं?”

मी दादरला एका सीएंकडे ट्रस्टांची कामं बघते. हे दोन्ही प्रश्न तिथे रोज कानावर येतात, आणि बहुतेकांना ते एकच वाटतात. ही आयकर कायद्यातली दोन वेगळी कलमं: मावशी विचारत होत्या ८०जी बद्दल, म्हणजे देणाऱ्याच्या सवलतीबद्दल, आणि जावई भांडत होता १२ए बद्दल, म्हणजे संस्थेच्या सवलतीबद्दल. शिवाय पावतीवरच्या नोंदणी क्रमांकाचा यातल्या कशाशीच थेट संबंध नव्हता. तो क्रमांक वरळीच्या धर्मादाय आयुक्तालयाचा. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली संस्था नोंदली गेली, तिचे विश्वस्त कोण आणि मालमत्ता काय हे कागदावर आलं, एवढाच त्याचा अर्थ. आयकराचं खातं वेगळं आणि तिथला अर्जही वेगळा.

१२ए म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरची सूट. देणग्या, ठेवींवरचं व्याज, भाडं यांवर तिला कर लागत नाही, पण अटी आहेत. वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवेत. म्हणजे हजार रुपये आले तर साडेआठशे कामाला लावायचे, दीडशे शिल्लक ठेवले तर चालतात. त्याहून जास्त ठेवायचे असतील तर कशासाठी ते लेखी कळवून पाच वर्षांपर्यंत ठेवता येतात. पूर्वी ही नोंदणी एकदा मिळाली की कायमची असायची. २०२१ पासून ती १२एबी या नव्या कलमाखाली मुदतीची झाली, साधारण पाच वर्षांची, आणि २०२५ मध्ये छोट्या ट्रस्टांसाठी दहा वर्षांची सोय आली. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे आकडे बदललेत, पण लोकांच्या तोंडी १२ए आणि ८०जी हीच नावं आहेत, म्हणून मीही तीच वापरते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. १२ए मध्ये धर्मकार्यालाही जागा आहे. देवळाची पूजाअर्चा, मशिदीची देखभाल, प्रवचनं हे सगळं चालतं, फक्त ते सार्वजनिक असावं लागतं. घरच्या देव्हाऱ्याचा ट्रस्ट केला तर सूट नाही. उलट दवाखाना, शिष्यवृत्ती असलं धर्मादाय काम करणारा ट्रस्ट एकाच धर्माच्या वा जातीच्या भल्यासाठी काढला असेल, तर आयकराचं कलम १३ (हाही जुनाच आकडा) आडवं येतं. दाऊदी बोहरा जमातीच्या खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात हाच वाद होता. संस्थेची उद्दिष्टं धार्मिक आणि धर्मादाय अशी दोन्ही आहेत आणि लाभ केवळ एका समाजापुरता नाही, असं न्यायालयाने धरलं आणि सूट टिकली.

८०जी ही सूट संस्थेला नसते, दात्याला असते. दहा हजार दिले तर साधारणपणे निम्मे, म्हणजे पाच हजार, उत्पन्नातून वजा होतात. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा त्यामुळे दीड हजार कर वाचतो. ते दीड हजार सरकारी तिजोरीत येणार होते, ते आले नाहीत. म्हणून इथे कायदा हात आखडता घेतो. संस्था एखाद्या विशिष्ट धर्मसमाजासाठी असता कामा नये, आणि धार्मिक कामावरचा खर्च एकूण उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आत राहायला हवा. अपवाद आहे तो केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या ऐतिहासिक किंवा नामांकित प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या देणगीचा.

मावशींना मी हे असं सांगितलं: “मावशी, शिक्का १२ए चा आहे. सूट संस्थेला आहे, तुम्हाला नाही. आणि ८०जी असती तरी दोन हजारांच्या वरची रोख देणगी धरत नाहीत. शिवाय तुम्ही नवी करप्रणाली निवडलीय, तिच्यात ८०जी नाहीच.” त्यांचा चेहरा उतरला. पैसे गेल्याचं त्यांना वाईट वाटलं नाही, कारण ते त्यांनी मनापासून दिले होते. पण ‘सूट मिळते’ हे त्यांना ज्याने सांगितलं, त्याने अर्धं खरं सांगितलं होतं. हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय आणि दर वेळी चीड येते. १२ए चा शिक्का दाखवून ८०जी चा भास निर्माण करायचा, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला दोन्हीतला फरक ठाऊक नसतो.

आता जावयाचा प्रश्न. वादग्रस्त पंथाला १२ए असावी का?

माझं मत असं की पंथ वादग्रस्त आहे एवढ्यावरून ती काढू नये. वादग्रस्त ठरवणार कोण? महाराष्ट्रात ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना वाळीत टाकलं गेलं होतं. कोणती शिकवण खरी आणि कोणती खोटी हे आयकर अधिकाऱ्याने ठरवायला लागलं, तर उद्या सरकार बदलेल तशी सवलतीची यादी बदलेल. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सायंटॉलॉजी या अमेरिकेत निघालेल्या पंथाला करापुरता धर्म मानलं. अमेरिकेत त्याच पंथाची सूट १९६७ मध्ये काढली गेली आणि पंचवीसेक वर्षांच्या झगड्यानंतर १९९३ मध्ये परत मिळाली.

पण वागणुकीचा हिशेब मागायलाच हवा, आणि तो कडक मागायला हवा. अमेरिकेतच १९८३ साली बॉब जोन्स विद्यापीठाची सूट सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. वर्णभेद ही आमची धर्मश्रद्धा आहे, असं ते विद्यापीठ म्हणत होतं. न्यायालयाने श्रद्धेला हात लावला नाही, पण भेदभाव करणाऱ्या संस्थेला सवलत नाही हे ठामपणे सांगितलं. जपानमध्ये ओम शिनरिक्यो या पंथाने १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडल्यावर त्याचा धार्मिक संस्थेचा दर्जा न्यायालयातून काढला गेला. मार्च २०२५ मध्ये युनिफिकेशन चर्च या पंथाच्या बाबतीतही टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने तसाच आदेश दिला. तिथे मुद्दा अनुयायांवर दबाव आणून उकळलेल्या देणग्यांचा होता.

आपल्याकडे हत्यार आहे, ते म्हणजे कलम १३. ट्रस्टचा पैसा किंवा मालमत्ता संस्थापक, विश्वस्त किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या सुखासाठी वापरली की सूट धोक्यात येते. मी फाइल हातात घेतली की आधी तेच बघते: गाडी कोणाच्या नावावर आहे, भाडं बाजारभावाने दिलंय का, सल्लागार म्हणून पगार घेणारा कोण. महाराजांना फौजदारी खटल्यात शिक्षा झाली तरी ट्रस्टची नोंदणी आपोआप जात नाही, हे ऐकून जावई अवाक झाला. कारण कायदा ट्रस्टचं वागणं बघतो. पण त्यांच्या खासगी खटल्याच्या वकिलाची फी ट्रस्टच्या खात्यातून गेली, तर तो कलम १३ चाच विषय. आणि नोंदणी एकदा रद्द झाली की दणका मोठा असतो. २०१६ मध्ये आलेल्या नियमाप्रमाणे, साठलेल्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून जे उरतं, त्यावर सर्वांत वरच्या दराने कर लागतो.

मला खरी खोट दिसते ती दानपेटीत. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की धर्मादाय संस्थेला त्यांवर ३० टक्के कर बसतो, पण निव्वळ धार्मिक ट्रस्टला तो लागत नाही. धार्मिक आणि धर्मादाय अशा दोन्ही उद्दिष्टांच्या ट्रस्टलाही बहुतांशी लागत नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेच धरलं. यामागचं कारण मला पटतं. प्रभादेवीला मंगळवारी रांगेतून पुढे सरकताना पेटीत वीस रुपये टाकणारी बाई नाव कशाला लिहील? पण पेटीतून निघणारी पाचशेच्या नोटांची बंडलं वीस रुपयांच्या श्रद्धेच्या आडोशाला उभी राहू शकतात. एका मर्यादेच्या वरचं रोख दान नाव आणि पॅनशिवाय घेताच येऊ नये, हा नियम सगळ्या धर्मांच्या सगळ्या पेट्यांना सारखा हवा. सवलत एकाची काढून दुसऱ्याची ठेवली, तर तो सूड दिसतो आणि कोर्टात टिकतही नाही.

जावयाला मी एक काम सांगितलं. धर्मादाय कार्यालयात दर वर्षी ट्रस्टचे लेखापरीक्षित हिशेब दाखल व्हावे लागतात, अनुसूची ८ चा ताळेबंद आणि अनुसूची ९ चं जमाखर्चपत्रक. अर्ज करून, ठरलेली फी भरून त्याच्या नकला मागता येतात. पावतीवरचा नोंदणी क्रमांक त्याने मोबाइलवर टिपून घेतला. मावशी म्हणाल्या, “माझ्यासाठीपण एक नक्कल आण. माझे पाच हजार त्यात कुठे बसलेत ते मला बघायचंय.”