वास नाही, राख नाही : मुलांच्या व्हेपिंगची आणि पालकांना उशिरा कळण्याची पार्श्वभूमी

मराठी घराला तंबाखूची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. आजोबांची चंची, आजीची सकाळची मशेरी, वडिलांच्या खिशातली चुन्याची डबी किंवा काकांनी गच्चीवर जाऊन ओढलेली सिगारेट, यांपैकी काही ना काही बहुतेकांनी पाहिलेले असते. म्हणूनच आपला मुलगा किंवा मुलगी त्या वाटेला लागली तर आपल्याला कळेलच, अशी पालकांची खात्री असते. ही खात्री कपड्यांना येणारा धुराचा वास, पिवळी पडलेली बोटे, दातांवरचे डाग, दप्तराच्या तळाशी सापडणारी पुडी किंवा काडेपेटी अशा खुणांवर उभी होती. बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटचा, म्हणजेच व्हेपचा, गेल्या वीस-बावीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर या खुणा एकामागून एक नाहीशा होत गेल्याचे दिसते, आणि वस्तू सापडण्याची वाट न पाहता वागणुकीवरून व्यसन ओळखण्याची रीत डॉक्टरांना व पालकांना बसवावी लागली.

तंबाखू न जाळता झुरका घेण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये धूरविरहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये त्यांना ते मिळाले. पण ती वस्तू बाजारात कधी आलीच नाही. आजच्या ई-सिगारेटचे श्रेय होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाला दिले जाते. ते स्वतः धूम्रपान करणारे होते आणि त्यांच्या वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. २००३ मध्ये त्यांनी निकोटीन मिसळलेल्या द्रवाचे सूक्ष्म थेंबांत रूपांतर करणारे बॅटरीवरचे उपकरण तयार केले, आणि ते पुढच्याच वर्षी चीनमध्ये विक्रीस आले. उपकरणातून बाहेर पडणारी ती नुसती पाण्याची वाफ, हा समज अजूनही मुलांच्या तोंडी असतो, म्हणून येथेच सांगून टाकणे बरे, की त्या ढगात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुतेक वेळा निकोटीन यांचे कण असतात.

सुरुवातीची उपकरणे सिगारेटसारखीच दिसत आणि त्यांचे ग्राहक प्रामुख्याने सिगारेट सोडू पाहणारे प्रौढ होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये या उपकरणांना औषध देणारी साधने ठरवून त्यांची आयात अडवण्याचा प्रयत्न केला, परंतु डिसेंबर २०१० मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला, की रोग बरा करण्याचा दावा केला नसेल तर त्यांचे नियमन तंबाखू उत्पादन म्हणूनच करता येईल. त्यासाठी लागणारा नियम प्रत्यक्ष लागू व्हायला ऑगस्ट २०१६ उजाडला. मधल्या काळात एक विचित्र स्थिती होती : फळांच्या आणि मिठाईच्या स्वादाची सिगारेट २००९ पासून बंद, पण त्याच स्वादाचा निकोटीनयुक्त द्रव मोकळा, आणि तो अल्पवयीनांना विकण्यास देशपातळीवर मनाई नाही. मुलांमध्ये ई-सिगारेट पसरली ती या सहा वर्षांच्या फटीतून, असे म्हणायला हरकत नाही.

त्या फटीच्या शेवटी, जून २०१५ मध्ये, जूल नावाची ई-सिगारेट आली. जेम्स मॉन्सीज आणि अॅडम बोवेन हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील उत्पादन-रचनेचे विद्यार्थी. पदव्युत्तर प्रकल्पातून त्यांनी ही कल्पना वाढवली होती. वस्तू हातात घेतली तर पेन ड्राइव्हच वाटावी अशी चपटी आणि काळसर, लॅपटॉपच्या यूएसबी जागेतून चार्ज होणारी, मुठीत सहज मावणारी. तिच्या टोकाला ०.७ मिलिलिटर द्रवाचा छोटा पॉड बसे. आंबा, पुदिना, काकडी असे स्वाद त्यात मिळत, आणि एका पॉडमधले निकोटीन साधारण एका सिगारेटच्या पाकिटाइतके आहे असे कंपनीच सांगत असे. एवढे निकोटीन घशाला न टोचता आत जाई, याचे कारण रसायनात होते. साध्या स्वरूपातले निकोटीन जास्त प्रमाणात ओढले तर घसा जळतो आणि नवखा माणूस खोकून बाजूला होतो. बेन्झॉइक आम्ल मिसळून त्याचे क्षार बनवले की ती जळजळ कमी होते. पहिल्या सिगारेटला लागणारा ठसका ही निसर्गाने ठेवलेली एक अडचण होती. ती या निकोटीन सॉल्टने दूर केली. युरोपीय संघाने द्रवातील निकोटीनला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली होती, तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पॉडमध्ये ते मिलिलिटरमागे जवळजवळ ५९ मिलिग्रॅम होते.

परिणाम आकड्यांत दिसला. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत गेल्या तीस दिवसांत ई-सिगारेट ओढल्याचे सांगणारे विद्यार्थी २०१७ मध्ये ११.७ टक्के होते. २०१८ मध्ये ते २०.८ टक्के आणि २०१९ मध्ये २७.५ टक्के झाले. डिसेंबर २०१८ मध्ये तेथील सर्जन जनरल जेरोम अॅडम्स यांनी याला साथ म्हटले, आणि त्याच महिन्यात मार्लबोरो बनवणाऱ्या अल्ट्रिया कंपनीने जूलमधील ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरना विकत घेतला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १५ ते २४ वयाच्या जूल वापरणाऱ्यांपैकी ६३ टक्के जणांना त्यात नेहमीच निकोटीन असते हे ठाऊक नव्हते. आपण व्यसन करतो आहोत हेच मुलांना माहीत नव्हते, तिथे पालकांना ते कुठून कळणार?

डॉक्टरांकडेही मुलांसाठी योग्य मोजपट्टी आली ती उशिराच. स्वीडनचे कार्ल फागरस्ट्रॉम यांनी १९७८ मध्ये निकोटीनवरील अवलंबित्व मोजण्याची प्रश्नावली तयार केली होती, परंतु ती दिवसाला किती सिगारेटी आणि उठल्यावर पहिली किती वेळात, अशा प्रौढांच्या ठरलेल्या दिनक्रमावर आधारलेली होती. किशोरवयीन मुले मोजूनमापून ओढत नाहीत. शाळेत संधी मिळाली तर चार झुरके, रविवारी घरी एकही नाही, असा त्यांचा हिशेब असतो, म्हणून रोज न ओढणाऱ्याला व्यसन लागत नाही असे बराच काळ धरून चालले. मॅसॅच्युसेट्समधील डॉ. जोसेफ डिफ्रान्झा यांच्या सातवीतल्या मुलांवरील अभ्यासाने २००० साली या गृहीताला धक्का दिला : रोज ओढायला लागण्याच्या आधीच, काहींमध्ये तर अधूनमधून ओढू लागल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत, अवलंबित्वाची लक्षणे दिसत होती. त्यांच्या गटाने २००२ मध्ये दहा प्रश्नांची जी यादी सिद्ध केली, ती पुढे ई-सिगारेटसाठीही बदलून वापरली गेली. तिच्यात किती ओढतोस असे विचारलेलेच नाही. सोडायचा प्रयत्न करूनही जमले नाही असे झाले आहे का, शाळेसारख्या मनाई असलेल्या जागी न ओढता राहणे जड जाते का, ओढायला मिळाले नाही तर लक्ष लागत नाही किंवा चिडचिड होते का, अशा धाटणीचे ते प्रश्न आहेत आणि एकाचेही उत्तर होकारार्थी असले, तरी स्वतःवरचा ताबा सुटू लागला असे मानले जाते. पालकांना आज उपयोगी पडणारे ज्ञान यातूनच आले आहे. झोपेतून उठून मूल आधी बाथरूममध्ये किती वेळ जाते, दोन तासांच्या लग्नसमारंभात किती वेळा ‘जरा खाली जाऊन येतो’ म्हणते, लांबच्या प्रवासात तिसऱ्या तासाला कसे वागते, हे दप्तर तपासण्यापेक्षा अधिक सांगून जाते. याच्या जोडीला काही बारीक शारीरिक खुणा आहेत : प्रोपिलीन ग्लायकॉलमुळे तोंड कोरडे पडून वारंवार लागणारी तहान, खोलीत मध्येच येणारा गोडसर फळांचा वास, खेळताना लवकर लागणारा दम, रेंगाळणारा खोकला. यातली कोणतीही खूण एकटी पुरेशी नाही, आणि सर्दी-खोकल्याच्या प्रत्येक मुलाकडे संशयाने पाहणे हा त्यावरचा उपाय खचितच नव्हे.

पालक संघटित झाले ते प्रथम न्यूयॉर्कमध्ये. जूलचा प्रतिनिधी आपल्या मुलांच्या शाळेत व्यसनविषयक कार्यक्रमात येऊन गेला होता, हे मुलांकडूनच कळल्यावर तीन आयांनी २०१८ मध्ये व्हेपिंगविरोधी पालकांची संघटना उभी केली. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीसमोर साक्षी झाल्या, त्यात ही वस्तू पूर्णपणे सुरक्षित असल्याचे त्या प्रतिनिधीने सांगितल्याचे विद्यार्थ्यांनी नमूद केले. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये जूलने तीसहून अधिक राज्यांशी सुमारे ४३.८५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.

मध्येच, २०१९ च्या उन्हाळ्यात, फुप्फुसांच्या गंभीर इजेची लाट आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ मृत्यू झाले. त्याचा मुख्य संबंध टीएचसी हा गांजातील नशा आणणारा घटक असलेल्या, बहुतांशी काळ्या बाजारातल्या द्रवांत मिसळलेल्या ‘व्हिटॅमिन ई अॅसिटेट’शी निघाला. या घटनेने पालक जागे झाले खरे, पण माझ्या मते चर्चेची दिशाही थोडी चुकली : सगळी भीती फुप्फुसांपाशी एकवटली आणि मेंदूला लागणाऱ्या सवयीचा प्रश्न मागे पडला. फुप्फुसाचा एक्स-रे स्वच्छ आला की घरात सुटकेचा नि:श्वास टाकला जाऊ लागला. जानेवारी २०२० मध्ये पॉडच्या स्वादांवर अमेरिकेत बंधने आली, तर एकदा वापरून फेकायच्या डिस्पोजेबल उपकरणांना ती लागू नव्हती आणि मुले तिकडे वळली. तरी एकूण प्रमाण उतरले; २०२४ मध्ये त्याच वरच्या वर्गांत ते ७.८ टक्के होते. ब्रिटनने, जो देश प्रौढांना सिगारेटऐवजी व्हेप घ्यायला सांगत आला आहे, जून २०२५ पासून डिस्पोजेबल व्हेपची विक्री बंद केली.

भारताने वेगळा मार्ग धरला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मे २०१९ मध्ये संपूर्ण बंदीची शिफारस केली, १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकमाचा निर्णय जाहीर केला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांसाठी पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, तर साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याच वर्षीच्या युवा तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते आणि २.८ टक्के जणांनी ई-सिगारेट कधीतरी ओढून पाहिली होती. म्हणजे आपल्याकडे बंदी आली ती लाट येण्यापूर्वी. बंदीने काय होते आणि काय होत नाही, याचा अनुभव महाराष्ट्राला २०१२ च्या गुटखाबंदीपासून आहे : दुकानातली माळ उतरते, पुडी मात्र टपरीच्या फळीखालून मिळत राहते. व्हेपचे तसेच झाले, फक्त फळीची जागा समाजमाध्यमांवरच्या खात्यांनी आणि घरपोच येणाऱ्या पार्सलांनी घेतली. कमला मिलच्या आगीनंतर २०१८ मध्ये राज्याने हुक्का पार्लर बंद केले, तेव्हा स्वादाच्या धुराची चटक लागलेला एक शहरी तरुण वर्ग आधीच तयार होता, हेही विसरून चालणार नाही. बंदीचा एक अनपेक्षित परिणाम घरांत दिसतो. वस्तूच बेकायदा असल्याने ती सापडली की पालकांना पोलीस आणि शाळेतून नाव काढले जाणे, एवढेच आधी आठवते, आणि डॉक्टरांकडे जाणे राहून जाते. वास्तविक त्या कायद्यात सेवनासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही. उलट बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कायद्याच्या नजरेत मूल हे या व्यवहारात संरक्षण देण्याजोगे आहे.

सापडल्यानंतर काय करावे, याची समजही हळूहळूच घडली. अमेरिकी शाळांनी आधी स्वच्छतागृहांत व्हेप ओळखणारे संवेदक बसवले आणि मुलांना निलंबित केले. निलंबित मूल दिवसभर घरी एकटे राहून अधिकच ओढते हे लक्षात आल्यावर अनेक ठिकाणी निलंबनाऐवजी शिक्षण-समुपदेशनाचे वर्ग सुरू झाले. आपल्याकडे घरात घडते ते याचेच छोटे रूप : उपकरण हिसकावायचे, फोडायचे, दोन दिवस अबोला धरायचा. नेमके तेच दोन-तीन दिवस निकोटीन तुटल्याचा त्रास सर्वाधिक असतो. चिडचिड, झोप न लागणे, अभ्यासात लक्ष नसणे हे सगळे साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते, पण त्या काळात ती उद्धटपणाची लक्षणे समजली जातात आणि घरातला वाद वाढतो. ‘मला याने शांत वाटतं’ असे मूल सांगते तेव्हा ते खोटे बोलत नसते. फक्त ती शांतता बऱ्याचदा आधीच्या झुरक्याने निर्माण केलेली तलफ भागल्याची असते, हे त्याला सांगावे लागते आणि तेही भांडणाच्या रात्री नव्हे. सोडण्याची तारीख त्याच्याशी बोलून ठरवणे, त्या आठवड्यात परीक्षा नाही ना हे पाहणे, घरातल्या मोठ्यांनी स्वतःची सिगारेट किंवा मशेरी त्यातून वगळू नये, हे समुपदेशक आग्रहाने सांगतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसाच्या कुटुंबालाही उपचारात ओढून घेण्याची जी पद्धत रुजवली, ती इथे सरळ लागू पडते.

उपचारांचा पुरावाही आता जमू लागला आहे. १३ ते १७ वयोगटासाठी मोबाइलवर रोज संदेश पाठवून साथ देणाऱ्या कार्यक्रमाची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सात महिन्यांनी ३७.८ टक्के मुलांनी व्हेप सोडल्याचे सांगितले, तर तो कार्यक्रम न मिळालेल्या गटात हे प्रमाण २८ टक्के होते. १६ ते २५ वयोगटात व्हॅरेनिक्लिन हे औषध समुपदेशनासह दिल्यावर बारा आठवड्यांच्या अखेरीस ५१ टक्के जण व्हेपपासून दूर होते. औषधाऐवजी दिखाऊ गोळी दिलेल्या गटात हे प्रमाण १४ टक्के होते. हे औषध किंवा निकोटीनचे च्युइंगम मुलाला स्वतःच्या मनाने देण्याची वस्तू नव्हे, बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ ते ठरवतात. तंबाखू सोडण्यासाठीची १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा २०१६ पासून चालू असून मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानस क्रमांक उपलब्ध आहे. दोन्हींवर पालकांनी मुलाच्या आधी स्वतः फोन करून बोलले तरी चालते.